मुशीच्या मापाची तार

तार तुटली तेव्हा घरात कोणी नव्हतं, एवढंच काय ते कमालशेठचं नशीब. 'तडांग' असा आवाज झाला, तुटलेलं टोक त्यांच्या कानाजवळून सणकन गेलं आणि डोक्यावरची जाळीची टोपी उडून थेट पाण्याच्या माठावर जाऊन बसली. कमालशेठ मात्र पलंगावर जागचे हलले नाहीत. मांडीवर जावयाची गिटार, हातात अर्धी तार. मग सवयीने त्यांनी ते टोक डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने चाचपलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बारीकच हुती."

आता घाबरून जायच्या वेळी माणसाने असं बोलावं का? पण कमालशेठचा इलाज नव्हता. मिरकरवाड्यात त्यांचं गळ-दोरीचं दुकान होतं आणि तीस वर्षांत त्यांनी दोन नेम कधी मोडले नव्हते. पहिला नेम असा, की ओढून बघितल्याशिवाय दोरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. दोरीचं एक टोक पायाखाली दाबायचं, दुसऱ्याचे मुठीला दोन वेढे द्यायचे आणि असा हिसका मारायचा, की समोरचा दोन पावलं मागे सरकला पाहिजे. दुसरा नेम असा, की तुटलेल्या मापाची दोरी पुन्हा विकायची नाही. एखादा खारवी तुटकी दोरी घेऊन आला आणि "शेट, अशीच द्या" म्हणाला, की कमालशेठ हसायचे. "अशीच दिली तर अशीच तुटंल, मेल्या. मासा काय दरसाल बारका होत जातो? एक नंबर वर घे." आणि खारवी मुकाट्याने एक नंबर वरची घेऊन जायचा.

हे नेम दोरीपुरते राहिले असते तर प्रश्न नव्हता. पण हाताला एकदा ओढायची सवय लागली की हात काय ओढतोय ते बघत नाही. घरातल्या दोन घागरींचे कान त्यांनी ओढून बघितले होते, ते आले होते हातात. तीन महिन्यांपूर्वी सुरय्याच्या निकाहाला नवऱ्यामुलाचा सेहरा नीट बसलाय का म्हणून त्यांनी वायच ओढून बघितला, तर निम्मी फुलं खाली. जावई भला, म्हणून निभावलं.

जावई खरोखरच भला होता. युसुफ परदेशी जाणाऱ्या मालबोटीवर खलाशी होता. बोट मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला लागली म्हणून आठ दिवसांची रजा काढून आला, तो बायकोला भेटायला. आणि येताना होडीच्या वल्ह्याला पेटी केली तर दिसेल तशी एक लांबलचक काळी पेटी घेऊन आला. आत ही गिटार. बोटीवरच्या तिसऱ्या साहेबाने, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याने, अमेरिकेत विकत घेतलेली. साहेब विमानाने आपल्या मुलखाला गेला आणि जाताना ही पेटी युसुफच्या हातात देऊन गेला. "गोदीत चोर फार. तू सांभाळ. जशी देतोय तशी परत पाहिजे." आणि मग वर म्हणाला, की यंदा तिंडलाची जागा रिकामी होतेय, मी कप्तानाकडे तुझं नाव टाकणार आहे.

तिंडल म्हणजे खलाशांचा मुकादम. नऊ वर्षं युसुफ डेक घासत होता. तिंडलकी मिळाली की मुंबईत खोली, आणि खोली मिळाली की सुरय्या त्याच्याजवळ. घरात दुसरा विषय नव्हता. सोमवारी सुरय्याला घेऊन आंजर्ल्याला खालाकडे जाताना त्याने ती पेटी सासऱ्याच्या पलंगावर ठेवली आणि म्हणाला, "मामू, ही तुमच्या हवाली. तुमच्यासारका वस्तू जपणारा माणूस नाय. शुक्रवारी येतो, शनिवारची आगबोट धरायची हाय."

"बेफिकीर जा," कमालशेठ म्हणाले होते.

मंगळवारी दुपारी हाजराबी शेजारी गेली आणि कमालशेठना वाटलं, नुसती उघडून बघूया. उघडली. चार तारा. त्यांतली सगळ्यांत जाड तार समुद्राच्या हवेने जराशी तांबारलेली. दुकानदाराच्या नजरेतून असलं सुटत नाही. तार कच्ची असली तर? साहेबाच्या हातात तुटली तर? बोल जावयाला! त्यांनी बोट अडकवलं आणि हिसका मारला. पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

टोपी माठावरून उचलता उचलता कमालशेठच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारपर्यंत तीन दिवस. त्यांनी पेटी बंद केली, तुटकी तार कनवटीला खोचली आणि हाजराबी आली तेव्हा तसबी ओढत बसले.

"आज दुपारचे तसबी घेऊन?" हाजराबी म्हणाली.

"अल्लाचं नाव घ्यायला वेळ कशाला लागते?" कमालशेठ म्हणाले. हाजराबीने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा त्यांच्या ओल्या टोपीकडे बघितलं, आणि आत गेली.

बुधवारी सकाळी गिटार फाटक्या शिडाच्या कापडात गुंडाळून कमालशेठ बाजारात आत्मारामबुवांकडे निघाले. बुवा बाजाच्या पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करत. वाटेत सात जणांनी विचारलं, "शेट, वल्हं कुठं नेताव?" सातही जणांना त्यांनी "दुरुस्तीला" म्हणून सांगितलं, ते काही खोटं नव्हतं.

बुवांनी गिटार मांडीवर घेतली, उलटी केली, पाठीवर बोटाने टकटक केलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा टकटक केलं.

"कमालशेठ, हिचं पोट कुठाय?"

"म्हंजे?"

"अहो, तंबोऱ्याला भोपळा असतो, सतारीला असतो. सारंगीसुद्धा आतून पोकळ. हा तर सबंध ओंडका आहे. पोळपाटाला तारा लावल्यात कोणीतरी."

"अमेरिकेची हाय, बुवा."

"असेल. तिकडे लाकूड स्वस्त असेल."

बुवांनी उरलेल्या तीन तारा छेडल्या. कानाशी डास आला तर जास्त आवाज होतो. दोघेही कान लावून बसले. आता तुम्हाआम्हाला ठाऊक आहे, की ही गिटार विजेवर बोलते. तिला वायर लागते, आवाजाचा डबा लागतो आणि तो डबा तिकडे बोटीवर साहेबाच्या केबिनीत होता. पण हे युसुफने सांगितलं नव्हतं. नवा जावई सासऱ्यापुढे दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, आणि त्याने दोन वाक्यं तिंडलकीवर खर्च केली होती. कमालशेठच्या घरात तर अजून कंदीलच होता.

"तार बारीक हाय म्हणून आवाज नाय," कमालशेठ म्हणाले.

"तसं नसतं हो. जाडी ठरवायची तर आधी सूर सांगा. कुठल्या सुराला लावायची ही चौथी?"

"आमच्यात आदी मासा सांगतात."

"काय सांगतात?"

"गिऱ्हाईक आलं की आमी इचारतो, मासा कनचा? मग दोरी काढतो. सूर इचारत नाय."

बुवांनी हात जोडले. आपल्या डब्यातली तंबोऱ्याची खर्जाची तार काढून त्यांनी पुढे केली. कमालशेठनी ती अंगठा आणि बोट यांच्यामधून एकदा सरकवली. "ही बांगड्याची."

"खर्जाची आहे ती!" बुवा दुखावले. "कमालशेठ, मी हात जोडून सांगतो. तुटली त्याच जाडीची तार मुंबईहून मागवा. आणि तोवर हिला हात लावू नका."

बुवांनी सांगितलं ते शंभर नंबरी सोनं होतं. पण शुक्रवारच्या आत मुंबईहून तार येणार कशी? शिवाय 'तुटली त्याच जाडीची' हे शब्द कमालशेठच्या कानांत खुपले. घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळा हिशेब जुळला होता. चार तारा म्हणजे चार मासे. पहिली सुरमईची, दुसरी रावसाची, तिसरी तांबोशीची आणि तुटली ती घोळीची. इतका मोठा घोळ मासा धरायचा आणि तार ही असली! अमेरिकेच्या माणसाला काय कळणार? एक नंबर वर जायचं. घोळीच्या वर कोण? मूस.

मूस म्हणजे शार्क; तिचे दात सुती दोरी कापून टाकतात, म्हणून तिच्यासाठी पोलादाची पिळलेली तार लागते. ती तार कमालशेठ स्वतः दुकानात पिळत असत, आणि रत्नागिरीपासून जयगडपर्यंत त्यांच्या तारेला नाव होतं. त्यांनी बुधवारी दुपारी खास तार पिळली, ओढून बघितली आणि गिटारीला लावायला बसले. तार खुंटीच्या भोकात शिरेना. वरच्या टोकाला हाडाची एक पट्टी होती, तिच्या खाचेतही बसेना. मग गुरुवारी सकाळी शिडाचं कापड पुन्हा निघालं आणि कमालशेठ किनाऱ्यावर भागोजीकडे गेले.

भागोजी होड्या बांधायचा. त्याच्या हातची होडी पंधरा पावसाळे काढते असं म्हणत, आणि सगळ्यांत जास्त तोच म्हणत असे.

"शेट, कुठल्या होडीची ही?" भागोजीने विचारलं.

"होडीची नाय, जावयाची. वायच भोक मोठं कर. कुणाला बोलू नको."

भागोजीने सामता लावून भोक मोठं केलं. पट्टीची खाच कानशीने रुंद केली. तार शिरली. भागोजीने पकडीने खुंटी पिळली, कमालशेठनी तार छेडली. 'थप्प.' ओल्या पोत्यावर चापट मारावी तसा आवाज.

"सैल हाय," कमालशेठ म्हणाले. "ताण."

भागोजीने ताणली.

"अजून."

"शेट, डोलकाठीचा दोर ताणतात तशी ताणू?"

"ताण म्हणतो ना! पैज मारून सांगतो, माझी तार तुटायची नाय."

तार तुटली नाही. कमालशेठची तार कधी तुटतच नसे. मग एवढा ताण जाणार कुठे? तो गेला गिटारीच्या मानेत. 'करर' असं झालं आणि त्या सरळसोट मानेला हळूहळू बाक आला. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

कमालशेठ वाळूत खाली बसले. त्यांना गिटार दिसेना. डेक घासणारा युसुफ दिसायला लागला, आणि दारात उभी राहून वाट बघणारी सुरय्या. "भागोज्या, माझ्या पोरीचा संसार वाकला रे," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"काय नाय ओ शेट," भागोजी म्हणाला. "लाकूडच ना ते? फळी वाकली तर सरळ कोण करतो? मीच करतो."

त्याने तार सैल केली, गरम पाण्यात पोती बुडवली आणि मानेला गुंडाळली. वर मुशीच्या काळजाचं तेल चोपडलं; होडीच्या लाकडाला तेच लावतात, त्याने लाकूड मऊ होतं आणि वास तर महिनाभर जात नाही. मग दोन फळ्यांच्या मध्ये मान दाबून वर जांभ्याचे तीन चिरे ठेवले. हात पुसता पुसता त्याला गिटारीच्या कुशीतलं एक गोल भोक दिसलं.

"शेट, ह्या कसलं?"

कमालशेठनी वाकून बघितलं. आत काहीतरी धातूचं चकाकत होतं. शिवणाच्या मशीनला असतं तसंच. "तेलाचं असंल."

"तरीच! कोरडी पडली बिचारी, म्हणून आवाज नाय." आणि भागोजीने नरसाळं लावून ते भोक काठोकाठ भरलं.

शुक्रवारी सकाळी चिरे काढले, तेव्हा मान सरळ झाली होती. अगदी खरं सांगायचं तर सरळपेक्षा वायच जास्तच झाली होती. पण मुशीची तार चढवल्यावर बरोबर बसली. कमालशेठनी फडक्याने पुसून पुसून गिटार लखलखीत केली, पेटीत ठेवली, पेटी पलंगावर ठेवली आणि जुम्म्याच्या नमाजाला गेले. परत आले तर पलंगाभोवती पाच मांजरं बसलेली. एक पेटीच्या कडीला चाटत होतं. हाजराबी कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"सुरय्याचे अब्बा, पेटीत म्हावरं कुणी भरलं?"

"म्हावरं? कसलं म्हावरं?"

"मी नाकाला रुमाल लावून इचारतेय. कसलं तेच सांगा."

 हाजराबी पुढे आली. तिने पेटी उघडली, तिच्या नजरेला ती नवी कोरी पोलादी तार पडली आणि तिला सगळं कळलं. पंचवीस वर्षं ती या माणसाबरोबर राहत होती.

"तुमी ओढलात."

"वायच."

"घागर ओढलात, सेहरा ओढलात. आता जावयाची नोकरी ओढलात!"

"हाजरा, हळू बोल. दिसतं का काय बग तरी. कुणाच्या ध्यानात येतंय?"

"पाच मांजरांच्या ध्यानात आलं, साहेबाच्या येणार नाय?" हाजराबी पलंगाच्या कडेला बसली. तिचा राग क्षणात गेला. "तुमी आपल्या तोंडानं सांगायचं. तो आपला जावई हाय, गिऱ्हाईक नाय."

दुपार कलता कलता युसुफ आणि सुरय्या आली. आंजर्ल्याहून खालाने नारळ दिले होते. सुरय्या खुशीत होती, आल्या आल्या मुंबईच्या खोलीच्या पडद्यांचा रंग सांगायला लागली. जेवायला तळलेली सुरमई होती. कमालशेठनी घास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"मामू, तब्येत बरी नाय काय?" युसुफने विचारलं.

"युसुफ," कमालशेठ म्हणाले, "मी ओढून बगितली."

"काय ओढून बगितली?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बारीकच हुती इथपासून बुवा, मूस, भागोजी, चिरे. एकही गोष्ट लपवली नाही. युसुफ हात धुऊन उठला, पेटीजवळ गेला आणि गिटार उचलून उलटसुलट करून बघू लागला.

"आणि इतकं करून आवाजच नाय," कमालशेठ म्हणाले. "आदीपासूनच नव्हता. म्हणून तर जाड लावली."

"मामू, ह्याला इजेचा डबा लागतो," युसुफ हळूच म्हणाला. "डबा बोटीवर हाय. त्याच्याशिवाय हा बोलतच नाय."

"इजेचा? मग इज आत जाते कुठनं?"

युसुफने गोल भोक दाखवलं. त्यातून तेलाचा एक थेंब टपकन सतरंजीवर पडला.

 सुरय्या रडायला लागली. "अब्बा, यांनी नऊ वर्षं डेक घासलं ओ..." कमालशेठना वाटलं, जावयाने आता शिव्या द्याव्यात, निदान पेटी तरी आपटावी. पण युसुफने गिटार नीट आत ठेवली आणि कडी लावली.

"मी येतो मुंबईला," कमालशेठ उठून उभे राहिले. "साहेबापुढं उभा राहतो. सांगतो, म्हाताऱ्यानं केलं, पोराचा कसूर नाय."

"नको, मामू. साहेबानं वस्तू माज्या हवाली केली हुती. माज्या हातनं झालं असंच मी सांगणार." युसुफने सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिंडलकी काय, पुढच्या साली बगू."

जावयाने सासऱ्याला माफ करावं, यापेक्षा मोठी शिक्षा नाही. कमालशेठ रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिले.

शनिवारी आगबोटीला निघायच्या वेळी हाजराबीने पेटी पुन्हा उघडली. गिटारीच्या मानेखाली झाकणाचा एक खोलगट कप्पा होता, तो रिकामा. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही तिची आईकडून आलेली रीत. पेटी झाली म्हणून काय झालं? तिने कप्प्यात आंब्याची साठं घातली. कमालशेठ दुकानातून धावत आले, हातात तीच मुशीची तार, पन्नास वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून पन्नास वेळा मोजावी एवढी.

"पुन्ना तुटली तर साहेबाला असू दे," ते म्हणाले. आणि तारेबरोबर दोन मोठे गळही टाकले.

"गळ कशाला?" हाजराबी म्हणाली.

"तारेबरोबर दोन गळ वरकड द्यायची रीत हाय आपल्या दुकानाची. जावयाला देऊ नको?"

आगबोट गेली. दोन महिने पत्र नाही. कमालशेठ दुकानात बसत, दोरी ओढूनही बघत, पण त्या हिसक्यात जीव नव्हता. समोरचा गिऱ्हाईक एक पाऊलसुद्धा मागे सरकत नसे. सुरय्या पडद्यांचा रंग सांगेनाशी झाली. पोस्टमन लांबून दिसला की हाजराबी दारातून आत जायची.

एप्रिलात एडनहून पत्र आलं. सुरय्याने दारातच फोडलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागली.

"मामू आणि मामींना सलाम. साहेब आले. त्यांनी पेटी उघडली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, साहेब, तार माझ्याकडून तुटली, मी दुसरी घातली. साहेबांनी वायर लावली आणि डबा चालू केला. डबा एकदा खोकला, मागून धूर निघाला आणि जो गप्प झाला तो झालाच. मला वाटलं, संपलं. एवढ्यात केबिनीच्या बाहेर टाळ्या वाजायला लागल्या."

"टाळ्या?" कमालशेठ म्हणाले.

"आयका ना!" सुरय्या म्हणाली आणि पुढे वाचू लागली. "मामू, आमची झोपायची जागा साहेबाच्या केबिनीच्या खालीच. साहेब रोज वाजवायचे आणि त्यांना येत काहीच नव्हतं. दोन महिने सगळी बोट धुमधुमत होती, भांडी फळीवरून खाली पडायची. पण साहेबाला सांगणार कोण? टाळ्या ऐकून कप्तान आले. त्यांनी विचारलं, हे कोणी केलं? मी म्हटलं, मी. कप्तान मला बाजूला घेऊन गेले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला."

हाजराबी कधी बाहेर आली ते कोणाला कळलं नाही.

"साहेब दोन दिवस रुसून बसले. मग त्यांना कप्प्यात तार आणि गळ सापडले. एडनच्या बाहेर आमची बोट अकरा दिवस नांगर टाकून उभी होती. साहेबांनी गळ टाकला. तिसऱ्या दिवशी मूस लागली, माणसाएवढी. सहा जण ओढत होतो, तार तुटली नाही. आता साहेब गिटारीचं नावसुद्धा काढत नाहीत, सबंध दिवस गळ टाकून बसतात. सगळी बोट म्हावरं खाते आणि रात्री झोपते. पहिल्या तारखेपासून मी तिंडल झालो. साहेबांनी स्वतः नाव दिलं. खोलीचं बोलून ठेवलंय, सुरय्याला सांगा."

सुरय्याला सांगायची गरज नव्हती, तीच वाचत होती; पण तिथे तिला पुढचं दिसेना. पत्र तिने आईच्या हातात दिलं आणि पदराने डोळे पुसले. हाजराबीला वाचता येत नव्हतं, म्हणून ते पुन्हा सुरय्याकडे आलं.

"साहेब विचारतात, ही जाडी कोणी ठरवली? मी सांगितलं, माझ्या सासऱ्यांनी. साहेब म्हणाले, असा पारखी मी बघितला नाही. याच तारेची आणखी पन्नास वाव पाठवा. जाडी तीच. एक नंबर वर नको, एक नंबर खाली नको."

कमालशेठची छाती दोन बोटं वर आली. "बगितलंस? जाडी बरोबर हुती! बुवाला सांग, बाजारात सगळ्यांना सांग!"

"जाडी बरोबर हुती," हाजराबी म्हणाली. "फक्त लावली पोळपाटाला."

पण कमालशेठ ऐकायला थांबलेच नव्हते. ते दुकानात पोहोचले, खिळ्यावरचं पिळलेल्या तारेचं वेटोळं काढलं, पन्नास वाव मोजली. मायलेकी मागोमाग येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. कमालशेठनी सवयीने तारेचं टोक पायाखाली दाबलं, दुसऱ्याचे मुठीला दोन वेढे दिले, खांदा मागे घेतला.

"अब्बा!" सुरय्या किंचाळली.

 हाजराबी नुसती बघत होती.

कमालशेठचा हात वरच्या वर थांबला. त्यांनी एकदा तारेकडे बघितलं, एकदा पोरीकडे. मग मुठीचे वेढे हळूच सोडले, पाय उचलला, तार गुंडाळून पुडक्यात ठेवली आणि वर दोन गळ वरकड टाकले. तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून न ओढलेली तार पहिल्यांदाच बाहेर चालली होती.

"पोस्टात तूच टाक, हाजरा," पुडकं पुढे करत ते म्हणाले. "वाटेत माजा हात जायचा."